‘शपथपत्र’ची हरवलेली दोन पानं

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात नाटक म्हटलं की सुहासिनी, हे समीकरण गेली अठरा वर्षं पक्कं होतं. वय सत्तावन्न. सोमवार ते शुक्रवार ती एका जीपी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसायची, आणि शनिवार-रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांना, फार्मासिस्टना आणि दोन डेंटिस्टना पल्लेदार वाक्यं श्वास न तुटता कशी म्हणायची ते शिकवायची. सर्जरीत तिचा लौकिक निराळा होता. कोण कशासाठी येतं, कुणाच्या कसल्या गोळ्या चालू आहेत, हे तिच्या तोंडून नवऱ्यालाही कधी कळलं नव्हतं. “सुहासच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही,” असं मंडळातल्या बायका म्हणायच्या, आणि तिला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षीचं नाटक तिच्या भाचीमुळे, मृणालमुळे, हाती आलं. मृणाल केंब्रिजला पीएचडी करत होती. ब्रिटिश अमदानीतल्या हौशी नाटकमंडळ्या हा तिचा विषय. छावणीतले गोरे सोल्जर दारूबंदीची इंग्रजी नाटकं करायचे, ती बघून आपल्याकडचे कारकून, मास्तर, तारमास्तर तसलीच नाटकं मराठीत रचायचे, बायकांची कामं पुरुषच करायचे. असलंच एक नाटक तिला जुन्या कागदांत सापडलं: ‘शपथपत्र अथवा रामरावाची मुक्ती’. साल १८८९, रचणारे इगतपुरीच्या रेल्वे ऑफिसातले कारकून. मालधक्क्यावरचा हेडक्लार्क रामराव साहेबाच्या संगतीत प्यायला लागतो, नोकरी घालवतो, आणि शेवटी दारू सोडल्याच्या शपथपत्रावर सही करतो. पडदा पडला की खरोखरच रंगमंचावर टेबल मांडायचं आणि प्रेक्षकांनी येऊन सह्या करायच्या, अशी सूचनाही छापलेली.

सुहासिनीने स्कॅन एका बैठकीत वाचून काढला आणि चाळिसाव्या पानावर अडली. रामरावाची बायको यमुना तिसऱ्या अंकात पहिल्यांदाच नवऱ्यासमोर तोंड उघडते. “इकडून आज ऐकून घ्यायलाच हवं,” एवढं ती म्हणते आणि पान संपतं. पुढची दोन पानं गहाळ. त्रेचाळिसाव्या पानावर रामराव रडत विचारतो, “लेखणी कोठे आहे?” म्हणजे ज्याने तो माणूस बदलला, नेमकं तेच गेलेलं.

“तूच लिही ना, मावशी,” मृणाल फोनवर म्हणाली. “फक्त ब्रोशरमध्ये तसं क्लिअर लिहा. ही पानं नवीन आहेत म्हणून.”

“अगं हो, लिहूच की,” सुहासिनी म्हणाली.

तिने सात वेळा लिहिलं, आणि सातही वेळा ते भाषण झालं. दारू हे विष आहे, कुळाला बट्टा लागतो, पोरीचं लग्न कसं होणार. रामराव करणारा समर तालमीत वाचता वाचता थांबला. “ताई, खरं सांगू? एवढ्यावर हा माणूस सही करणार नाही. मी तरी नसती केली.” यमुना करणारी नीना नुसती जांभई देऊन मोकळी झाली.

कपडेपट सीमाकडे होता. सीमा सुहासिनीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण या शहरात तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. ताई म्हणायची, पण अरेतुरेतली ताई. तिचा नवरा राकेश पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, मोठ्या हुद्द्यावरचा, चारचौघांत गोड बोलणारा. त्यांची मायरा नऊ वर्षांची. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सीमा सुहासिनीच्या डायनिंग टेबलाशी बसून यमुनेच्या लुगड्याला काठ लावत होती. सुहासिनी सहज म्हणाली, “हे दारूड्याच्या बायकोचं मला काही जमत नाही बघ. काय बोलेल ती?”

सीमाची सुई थांबली. मग खाली बघतच ती बोलायला लागली, आणि अर्धा तास बोलत राहिली.

राकेश तीन वर्षं पीत होता. ऑफिस सांभाळून, कुणाला संशय येणार नाही असा. तो मारत नव्हता, ओरडतही नव्हता. एकदा संध्याकाळी त्याने मायराला जवळ घेतलं तर पोर म्हणाली, “बाबा, तुझा वास येतो.” त्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, खोलीत बसून राहिला.

“मग मीच मायराला शिकवलं,” सीमा म्हणाली. “बाबा जवळ घेतील तेव्हा श्वास रोखायचा आणि मनात दहा मोजायचे. स्विमिंगमध्ये करतेस तसं. आता तिला जमतं. हसत हसत करते, ताई. त्याला कळतसुद्धा नाही.”

सुहासिनीने तिचा हात घट्ट धरला.

“कुणाला बोलू नकोस हं.”

“वेडी आहेस का?” सुहासिनी म्हणाली.

आणि हात धरलेला असतानाच तिच्या डोक्यात कुठेतरी ते वाक्य उचललं गेलं. डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. पण त्या पाण्यामागून कुणीतरी थंडपणे म्हणत होतं, हेच. यमुना हेच बोलेल. पुढे कितीतरी महिने सुहासिनीला आठवत राहिला तो हाच क्षण. लिहिणं नंतरचं होतं. चोरी तिथेच झाली होती, मैत्रिणीचा हात हातात असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो प्रवेश पाऊण तासात लिहिला. शतक वेगळं होतं, भाषा वेगळी होती, मायराची बाळी झाली होती. “बाळीला मी शिकवून ठेवलं आहे. इकडून जवळ घेणं झालं की श्वास धरावा आणि दहा अंक मोजावे. आता तिला सवय झाली आहे. इकडच्या कुशीत लेक हसते ती श्वास कोंडून हसते.” तालमीत नीनाने ते वाचलं आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. समरचा चेहरा उतरला. लेखणी मागताना त्याचा आवाज पहिल्यांदा खरा फुटला.

“हे मूळचं आहे?” नीनाने विचारलं.

“जुनंच आहे,” सुहासिनी म्हणाली, आणि ब्रोशरमधली ती ओळ लिहायची राहून गेली. राहून गेली असं तिने स्वतःला सांगितलं.

सीमाला सांगायचं तिने रोज ठरवलं. मग मनाशी म्हणायची, सीमा शिवणकाम घरूनच करते, तालमीला येत नाही. राकेश तर दोन वर्षांत मंडळाकडे फिरकलेला नाही. सीमा आली तरी एकटी येईल, आणि तिला कदाचित बरंच वाटेल. पण प्रयोगाच्या दोन दिवस आधी सीमाचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. “ताई, राकेश येतोय! आपणहून म्हणाला, चला, तुझे कपडे बघू स्टेजवर. मायरापण येतेय.”

सुहासिनी फोन ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. दोन दिवस हातात होते. चार वाक्यं तर गाळायची होती. नीनाला एक मेसेज पुरला असता. तिने मेसेज टाइप केला, पुसला. पुन्हा टाइप केला. मग तिला तालमीतली ती शांतता आठवली आणि तिने फोन चार्जिंगला लावून दिला.

रविवारी दुपारी तीनचा प्रयोग. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. पहिले दोन अंक हशा-टाळ्यांत गेले. तिसऱ्या अंकात सुहासिनी विंगेत उभी राहून पडद्याच्या फटीतून बघत होती. सीमा, मायरा आणि राकेश चौथ्या रांगेत बसले होते. नीना पुढे आली. “इकडून आज ऐकून घ्यायलाच हवं.” मग श्वासाचं वाक्य आलं.

सीमा ताठ झाली, एवढंच. राकेश पाय पसरून बसला होता, तसाच बसून राहिला. त्याला काही कळलेलं नव्हतं. आणि त्या सुन्न शांततेत मायराचा स्वच्छ आवाज हॉलभर ऐकू आला.

“आई, हा तर आपला गोष्ट आहे! मीपण दहा मोजते!”

लोक हसले. गोड मुलगी, नाटकात किती रंगलीय, असं ते मायेचं हसू होतं. सीमाने तिच्या तोंडावर हात ठेवला. राकेशने मान वळवून मुलीकडे पाहिलं. रंगमंचाकडे नाही, बायकोकडे नाही, मुलीकडे. बराच वेळ. मग तो उठला आणि वाकून, माफी मागत, रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेला.

नाटक संपलं तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुहासिनीला मधोमध ओढण्यात आलं. ती हात जोडून वाकली. रंगमंचावर टेबल मांडलं, शपथपत्र ठेवलं आणि लोक गंमत म्हणून रांग लावून सह्या करू लागले, फोटो काढू लागले. सीमा उरलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन विंगेत आली. ती तिने खुंटीला अडकवली, पिशवीची चेन ओढून नीट लावली, आणि मायराचा हात धरून टेबलाला वळसा घालून निघून गेली. सुहासिनीकडे तिने पाहिलं नाही.

तेवढ्यात मृणालने तिला मिठी मारली. खास केंब्रिजहून आली होती. “मावशी! ती दोन पानं? दुसरी प्रत मिळाली का तुला? ते श्वासाचं... अठराशे एकोणनव्वदमध्ये असं कुणी लिहिलं असेल, आय कान्ट बिलीव्ह इट!”

भोवती दहा-बारा जण होते. नीना होती, समर होता.

“हो,” सुहासिनीच्या तोंडून गेलं. “म्हणजे, पुण्यात एकांकडे होती.”

चार दिवस सीमाने फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी सुहासिनी सर्जरीतून सुट्टी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. मायरा शाळेत गेलेली. सीमाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

“सीमा, मी चुकले. मला वाटलं, नावं बदललीत, काळ बदललाय, कुणाला कळणार...”

“कुणालाच कळलं नाही,” सीमा म्हणाली. “फक्त राकेशला कळलं. त्याला एकट्यालाच ते माहीत नव्हतं.”

“मी तुला विचारायला हवं होतं.”

“तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. आणि हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नाहीस.” सीमाचा आवाज चढला नव्हता. “मी आईला नाही सांगितलं ते, बहिणीला नाही सांगितलं. तुला सांगितलं, कारण तू सर्जरीतलं काही बोलत नाहीस. मला वाटलं, तू अशीच आहेस. तर ती तुझी नोकरी होती फक्त.”

सीमाने दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं, जसं झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात.

घरी सुहासिनी नवऱ्याला, रघुवीरला, काहीच सांगू शकली नाही. सांगायचं तर पुन्हा सीमाचंच गुपित फोडणं आलं. तो बिचारा जेवताना म्हणायचा, “अगं, सगळे तुझं कौतुक करताहेत आणि तू तोंड पाडून काय बसतेस?” कौतुक खरंच थांबत नव्हतं. बेसिंगस्टोकच्या मंडळाने जूनमधल्या प्रयोगाचं आमंत्रण पाठवलं. ‘विशेषतः तिसऱ्या अंकातला यमुनेचा प्रवेश’ असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, सर्जरीच्या रांगेत राकेश उभा होता. सुहासिनीने त्याला दोन माणसांच्या मागे पाहिलं. त्याचा नंबर आला.

“राकेश, तुम्हाला हवं तर माझी कलीग बघेल. मी उठते.”

“नको,” तो म्हणाला. दाढी वाढली होती, शर्ट मात्र इस्त्रीचा. “ऑनलाइन फॉर्म तीनदा भरला आणि बंद केला. आता आलोय तर होऊन जाऊ दे. अपॉइंटमेंट हवी.”

नियमाप्रमाणे कारण विचारावं लागतं. वीस वर्षं ती तो प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारत आली होती. आज ती नुसती स्क्रीनवरची रिकामी चौकट बघत राहिली.

“कारण तुम्हाला माहीत आहे, सुहासिनीताई,” राकेश म्हणाला. “लिहा.”

तिने लिहिलं. गुरुवारी नऊ वीस. त्याने मान हलवली आणि जायला वळला, मग पुन्हा काउंटरवर वाकला. आवाज अगदी खाली.

“नाटक बघून मी सुधारलो असं काही समजू नका. मी त्या दिवशी हॉलमधून निघून सरळ पबमध्ये गेलो होतो. आणि एक सांगतो, कारण सीमा तुम्हाला सांगणार नाही. मायराला वाटतंय की तिने सांगितलं. ती हॉलमध्ये बोलली ना, म्हणून सगळं फुटलं असं तिच्या डोक्यात बसलंय. शनिवारच्या मराठी शाळेत तोंड उघडत नाही. टीचर प्रश्न विचारते, ही गप्प. मला रोज विचारते, बाबा, आर यू अँग्री विथ मी?”

मागच्या बाईने खोकून घड्याळाकडे पाहिलं. राकेश बाजूला झाला आणि निघून गेला. सुहासिनीने पुढच्या माणसाला हसून “गुड मॉर्निंग” म्हटलं, त्याची जन्मतारीख विचारली, आणि मग तिला उठून मागच्या खोलीत जावं लागलं.

आतापर्यंत तिला जे बोचत होतं त्यात स्वतःची लाज बरीच होती: सीमा काय म्हणेल, आपण कशा दिसलो. आता त्यातलं काही उरलं नाही. एक नऊ वर्षांची पोर सुहासिनीच्या वाटचा गुन्हा दप्तरासारखा पाठीवर घेऊन शाळेत जात होती.

तिने सीमाला मेसेज केला. माफीचं काही लिहिलं नाही. ‘मायराला खरं काय ते मला सांगू दे. तू समोर बस. तू म्हणशील तेवढंच बोलेन.’ दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘शनिवार अकरा. पार्क. दहा मिनिटं.’

सीमा बाकाच्या एका टोकाला बसली, मायरा मध्ये. समोर बदकं होती. सुहासिनी उकिडवी बसली, गुडघे कुरकुरले तरी तशीच बसली.

“मायरा, ते नाटकातलं तू सांगितलं नाहीस. तू बोलायच्या आधीच ते नाटकात होतं. आईने मला एक सीक्रेट सांगितलं होतं, आणि मी ते न विचारता नाटकात लिहिलं. ते मी केलं. तू काही नाही केलंस.”

मायराने आईकडे बघितलं. सीमा तळ्याकडे बघत होती.

“पण तू तर मोठा आहेस,” मायरा म्हणाली.

“हो. म्हणूनच जास्त चूक आहे.”

“तू सॉरी म्हटला?”

“म्हटलं.”

“आईने इट्स ओके म्हटला?”

“नाही.”

मायराने थोडा विचार केला. “मग तू परत लिहू नको ना तो गोष्ट.”

“नाही लिहिणार. काढून टाकणार आहे.”

“ओके,” मायरा म्हणाली, आणि बदकांना पाव टाकला तर चालतो का असं आईला विचारू लागली. दहा मिनिटं झाली नव्हती, पण सीमा उठली.

त्याच दुपारी सुहासिनीने मृणालला फोन केला. दुसरी प्रत कुठेही नाही, पुण्यात कुणी नाही, ती पानं मी लिहिली, तुझ्याशी खोटं बोलले.

“मावशी, मी तो प्रवेश चॅप्टरमध्ये घातलाय. सुपरवायझरला पाठवलाय.” मृणालचा आवाज कोरडा झाला होता. “आता मला लिहावं लागेल, की ते चुकीचं आहे. का केलंस असं?”

“लोक समोर होते आणि मला त्यांचं कौतुक हवं होतं,” सुहासिनी म्हणाली. यापेक्षा खरं असं तिला सांगता येण्यासारखं काही नव्हतं.

बेसिंगस्टोकच्या प्रयोगाआधी तिने सगळ्या मंडळींना बसवून सांगितलं, की तो प्रवेश आपला आहे, जुना नाही, आणि तो काढला आहे. नीना भडकली. “अगं, तू लिहिलंस तर आणखीच छान! काढायचा कशाला? माझा एकच तर सीन आहे!” कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं तर सगळ्यांच्या नजरा आपोआप चौथ्या रांगेतल्या त्या मुलीकडे वळल्या असत्या. “माझा निर्णय आहे,” एवढंच सुहासिनी म्हणाली. नीना म्हणाली, “वा! म्हणजे तुझ्या मूडवर आम्ही नाचायचं,” आणि समरनेही सुहासिनीची बाजू घेतली नाही. सुहासिनीने ते ऐकून घेतलं. आपली बाजू मांडायला तिच्याकडे काही नव्हतं असं नाही, पण ती मांडायचा हक्क तिने घालवला होता.

बेसिंगस्टोकला चाळिसाव्या पानानंतर नीना थांबली. दिवे तसेच राहिले. सुहासिनी स्वतः रंगमंचावर गेली आणि म्हणाली, “यापुढची दोन पानं हरवली आहेत. यमुना काय बोलली ते आपल्याला माहीत नाही. नॉटिंगहॅमला आम्ही दाखवलं ते मी लिहिलेलं होतं, आणि तसं आम्ही सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं.” प्रेक्षकांत चुळबुळ झाली. समरने लेखणी मागितली, पण कशासाठी ते कुणालाच पटलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या त्या पाहुण्यांचा मान राखण्यापुरत्या. पुढच्या वर्षी काम करणार नाही असं नीनाने व्हॅनमधून परतताना, रीडिंग शहर यायच्या आतच सांगून टाकलं.

राकेश गुरुवारी डॉक्टरकडे गेला होता, पुढेही येत राहिला. मध्ये दोन आठवडे आला नाही, मग पुन्हा आला. सुहासिनी स्क्रीनवर त्याचं नाव बघायची, वेळ द्यायची, आणि एक अक्षर जास्त बोलायची नाही. लोकांपर्यंत यातलं काही गेलं नाही. मराठी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मायराने फुलपाखरावर चार ओळी म्हटल्या, लिंगवचनाच्या दोन चुका करून, खणखणीत आवाजात. सुहासिनी मागच्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी गर्दीत सीमा अचानक तिच्यासमोर आली. हातात दोन कप होते. एक तिने पुढे केला. सुहासिनीने कप घेतला आणि “सीमा...” एवढं म्हणाली.

“साखर घातलेली नाही,” सीमा म्हणाली. “तुम्हाला हवी असेल तर त्या तिकडे आहे.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ‘तुम्हाला’ म्हणाली होती. मग दुसरा कप घेऊन ती राकेशकडे गेली. सुहासिनी कप हातात धरून तिथेच उभी राहिली, आणि कुणीतरी मागून तिला पुढच्या वर्षी कुठलं नाटक बसवणार म्हणून विचारत होतं.